मदत हवी आहे: पॅच अँटेना २.४५ ऐवजी २.५२ गिगाहर्ट्झला का बोलतोय?

नमस्कार मंडळी,

बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरसाठी २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना (बोर्डवरच कोरलेला तांब्याचा चौकोनी तुकडा) करतोय. बोर्ड साधा एफआर-४ (काचतंतू आणि रेझिनचा), जाडी १.६ मिमी, डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४ धरला. नेहमीच्या सूत्रांनी पॅचची रुंदी ३७.३ आणि लांबी २८.८ मिमी आली. इनसेट फीड (पॅचच्या कडेत खाच करून आत नेलेली जोडणी), ५० ओहमची लाइन साधारण ३ मिमी रुंद, टोकाला एसएमए कनेक्टर. सिम्युलेशनमध्ये एस-११ चा (अँटेनाकडून परत येणाऱ्या सिग्नलचा) खड्डा बरोबर २.४५ वर, उणे २४ डीबीपर्यंत खोल.

बोर्ड बनून आला, व्हीएनएला (हे परावर्तन मोजणाऱ्या यंत्राला) जोडला, तर खड्डा २.५२ वर आणि तोही जेमतेम उणे ९ डीबी. २.४५ वर उणे ५ च दिसतं, म्हणजे पाठवलेल्या पॉवरपैकी जवळपास एक तृतीयांश परत येतेय. बॅटरीवरच्या यंत्रात हे कसं परवडणार? कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी ओपन-शॉर्ट-लोड लावून केलं आहे, तिथे शंका नाही.

पहिला संशय एचिंगवर, म्हणजे तांबं रसायनाने कोरताना माप चुकण्यावर, गेला. पण कॅलिपरने लांबी २८.७ भरली. नुसत्या लांबीमुळे २.५२ यायचं असेल तर पॅच २८ मिमीच्या आसपास हवा, आणि एवढा फरक कॅलिपरमधून सुटत नाही. मग स्थिरांक ४.२ केला, मोजलेली लांबी टाकली, आणि गणित थेट २.५१-२.५२ वर आलं. एफआर-४ मध्ये काच आणि रेझिनचं प्रमाण बदललं की स्थिरांक बदलतो, त्यामुळे हे मला पटतं. पण पटणं वेगळं आणि मोजणं वेगळं. पुढचा बोर्ड करण्याआधी याच तुकड्याचा स्थिरांक मोजायचा तर रिंग रेझोनेटर (बोर्डवर कोरलेली कडी) बरा, की पाव तरंगलांबीचा ओपन स्टब (टोक मोकळं सोडलेली लाइन) पुरेल? स्टबच्या टोकाच्या फ्रिंजिंगमुळे (कडेबाहेर पसरणाऱ्या विद्युत क्षेत्रामुळे) आकडा किती बिघडतो?

दुसरी गोष्ट जास्त सतावतेय. केबल मुठीत धरली की खड्डा जागचा हलतो, थोडा खोलही होतो. ग्राउंड प्लेन ४० × ४८ मिमीच आहे, म्हणजे पॅचभोवती जेमतेम किनार. केबलच्या बाहेरच्या आवरणावरून करंट वाहतोय असं मला वाटतं. तसं असेल तर मी अँटेना आणि केबल दोन्ही मिळून मोजतोय. या फ्रिक्वेन्सीला फेराइटचे मणी कितपत उपयोगी पडतात, की केबलवर पाव तरंगलांबीची स्लीव्हच (धातूची नळी) लावावी? उणे ९ हा आकडा इनसेटच्या खोलीमुळे आहे की केबलमुळे, हे त्याशिवाय कळणार नाही.

आणि एफिशियन्सी, म्हणजे दिलेल्या पॉवरपैकी किती खरंच बाहेर पसरते. एस-११ उत्तम आला म्हणजे अँटेना उत्तम असं नाही; ५० ओहमचा रेझिस्टर लावला तरी तो उत्तमच येतो. एफआर-४ चा लॉस टँजंट (बोर्ड किती ऊर्जा खातो याचं माप) ०.०२ च्या घरात, तेव्हा बरीच पॉवर बोर्ड तापवण्यातच जात असणार. अॅनेकोइक चेंबर (लहरी परत न फिरवणारी मोजणीची खोली) हाताशी नाही. व्हीलर कॅपच्या पद्धतीत (अँटेना झाकून आणि उघडा असा मोजून एफिशियन्सी काढायची) धातूच्या झाकणाची त्रिज्या तरंगलांबी भागिले २π, म्हणजे इथे सुमारे १९.५ मिमी, माझा पॅच त्यात मावतच नाही. डबा मोठा घेतला तर डब्याचेच रेझोनन्स मध्ये येतील. पॅचवर हे कुणी करून पाहिलंय का? डब्याचं माप काय ठेवलंत?

शेवटी हे सगळं प्लास्टिकच्या डबीत जाणार आहे आणि प्लास्टिक जवळ आलं की फ्रिक्वेन्सी खाली सरकते. तेव्हा उघडा बोर्ड मुद्दाम थोडा वर ट्यून करावा, की डबीसकट मोजूनच लांबी ठरवावी? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. एस-११ चे आलेख आणि गर्बर फाइल (बोर्डचा आराखडा) मागितल्यास देतो.