विषय: व्हीएमसाठी शांत पीसी, बजेट 700 युरो

प्रेषक: नि. जो., म्युनिक

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीची चर्चा चालू असताना मध्येच घुसतोय, पण इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतो.

घरी एक पीसी जोडायचा आहे. चार-पाच व्हीएम (एकाच यंत्राच्या आत चालणारे आभासी संगणक) दिवसरात्र चालू राहतील: कुबरनेटीस (अनेक यंत्रांच्या क्लस्टरवर प्रोग्राम चालवणारी प्रणाली) शिकण्यासाठी तीन, एक विंडोज, एक घरातल्या जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर). शनिवार-रविवारी जमलंच तर तासभर गेम. मॉनिटर आणि कीबोर्ड आहेत. घर दीड खोल्यांचं, टेबल पलंगाच्या उशाशी, आणि आमची लेक सात महिन्यांची. म्हणजे आवाज अजिबात चालणार नाही.

एका मित्राने वापरलेला रॅक सर्व्हर सुचवलाय. 2013च्या पिढीचे दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर), 128 जीबी डीडीआर3 रॅम, आणि किंमत बजेटच्या निम्म्याहूनही कमी. घ्यावा का?

— नि. जो.


प्रेषक: श्री. दे., आउग्सबुर्ग

चि. नि. यास अनेक आशीर्वाद.

तो सर्व्हर घेऊ नकोस. मित्राला सांग, काकांनी नको म्हटलंय.

एक-यू (म्हणजे रॅकच्या एका कप्प्याएवढ्या) सर्व्हरची पेटी जेमतेम 44 मिलिमीटर उंच असते. तिच्यात 40 मिलिमीटरचेच पंखे मावतात, आणि एवढ्याशा पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर ते मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे मारतात. डेटा सेंटरमध्ये कोणी झोपत नाही म्हणून ते चालतं. दुसरा मुद्दा विजेचा. असलं यंत्र काही काम नसतानाही शंभर वॅट सहज खातं. शंभर वॅट वर्षभर म्हणजे 876 युनिट. युनिटला 35 सेंट धरले तर तीनशे युरोच्या वर, आणि हे दर वर्षी. दोन वर्षांत तुझं बहुतेक बजेट वीज कंपनीकडे गेलं.

आता आवाजाचं गणित. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. उलट तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त 3 डेसिबलने चढतो. म्हणून एक लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा 140 मिलिमीटरचे दोन-तीन पंखे पाचशे-सहाशे फेऱ्यांवर रेंगाळू दे. लोक महागडं कॅबिनेट घेतात, आतून फोम लावलेलं, पुढचं दार बंद. हवाच आत येईना म्हणून पंखे पळतात आणि मग तो फोम त्यांचा आवाज दाबत बसतो. तू पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट घे.

पंख्यांच्या बाबतीत आपण इथे नशीबवान आहोत. नॉक्टुआ व्हिएन्नाची, बी क्वाएट हॅम्बुर्गजवळच्या ग्लिंडेची, फ्रॅक्टल स्वीडनची. शांततेचा हा सगळा धंदा याच बाजूचा. नॉक्टुआ तुझ्या बजेटला जड जाईल, आर्क्टिकचे पंखे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि कमी वेगावर फरक कानाला कळत नाही.

मदरबोर्ड एएम4 सॉकेटचा (म्हणजे एएमडीचा प्रोसेसर बसवायची जागा), बी550 चिपसेट. एक्स570 स्वस्तात दिसला तरी मोहात पडू नकोस, त्यातल्या बहुतेक बोर्डांवर चिपसेटवरच एक इवलासा पंखा बसवलेला असतो आणि दोन-तीन वर्षांनी तोच किरकिरायला लागतो. प्रोसेसर रायझन 7 5700एक्स. आठ कोर, सोळा थ्रेड, 65 वॅट. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, 550 वॅटचा, गोल्ड कार्यक्षमतेचा, तोही कमी भाराला पंखा बंद ठेवणारा. हार्ड डिस्क पलंगाच्या उशाशी ठेवायची नाही. हवीच असेल तर खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात.

— काका


प्रेषक: अ. कु., व्हिएन्ना

काकांच्या पंख्यांशी पूर्ण सहमत, प्रोसेसरशी नाही.

5700एक्सला स्वतःचं ग्राफिक्स नाही. म्हणजे पडद्यावर साधा कन्सोल बघायलाही ग्राफिक्स कार्ड जागं लागणार. शिवाय हा प्रोसेसर दोन तुकड्यांचा आहे, कोर एका चिपवर आणि मेमरी-पीसीआयचं काम दुसऱ्या चिपवर. ही दुसरी चिप रिकाम्या वेळीही बऱ्यापैकी वीज पिते. 5700जी एकाच चिपचा आहे, कोर तेवढेच, ग्राफिक्स आत, आणि निवांत असताना कमी खातो. तोटे आहेत: एल3 कॅश 32 ऐवजी 16 एमबी, पीसीआय एक्सप्रेस चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीचं. पण निखळ गेमरला तो फरक जाणवेल. दिवसातले तेवीस तास व्हीएम सांभाळणाऱ्या यंत्राला नाही.

नि., आता मुख्य प्रश्न, जो तू विचारलाच नाहीस. गेम कुठे खेळणार, व्हीएमच्या आत की बाहेर? कारण यूट्यूबवर सगळे पासथ्रू दाखवतात: प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली) टाका, ग्राफिक्स कार्ड विंडोजच्या व्हीएमला देऊन टाका, झालं. (प्रॉक्समॉक्ससुद्धा आमच्याच गावची बरं का काका, नुसते पंखे नाहीत.) जमतं हे, मी नाही म्हणत नाही. पण बोर्डावर कुठलं उपकरण कुणाच्या आयओएमएमयू गटात (व्हीएमला एकत्रच द्यावा लागणारा उपकरणांचा संच) पडलंय ते बघावं लागतं. बी550वर मुख्य स्लॉट आणि प्रोसेसरला थेट जोडलेला एम2 (एसएसडीचा स्लॉट) सहसा वेगळे पडतात, चिपसेटमागचं सगळं मात्र एकाच गाठोड्यात. काही जुनी एएमडी कार्डं व्हीएम बंद केल्यावर नीट रीसेटच होत नाहीत, अख्खं यंत्र रीबूट करावं लागतं, म्हणजे तुझं क्लस्टरही गेलं. आणि काही ऑनलाइन गेमांची अँटी-चीट व्यवस्था, उदाहरणार्थ व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड, व्हीएम दिसली की दारातूनच परत पाठवते.

आठवड्यातून तासभर खेळणाऱ्याने हा व्याप करू नये. साधं लिनक्स टाक, व्हीएम केव्हीएमवर (लिनक्समधल्याच व्हीएमच्या सोयीवर) चालव, गेम थेट लिनक्सवर स्टीमच्या प्रोटॉनमधून (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय). एकट्याने खेळायचे बहुतेक गेम चालतात. कार्ड आरएक्स 6600 वापरलेलं घे. 132 वॅटचं आहे, 8 जीबी मेमरी, आणि डेस्कटॉपवर असताना त्याचे पंखे पूर्ण थांबतात. गेममध्ये फ्रेम 60वर बांधून टाक. कार्डाला 140 फ्रेम काढायला लावून मग आवाजाची तक्रार करणारे मी पुष्कळ पाहिलेत.

— अ. ताई


प्रेषक: म. शि., झ्युरिक

सगळ्यांना नमस्कार. मी उलटंच सुचवतो. एका यंत्रात दोन्ही कामं कशाला? विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला, आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं जवळपास काही स्वीकारत नाही. त्यामुळे ऑफिसांतून छोट्या पीसी-डब्यांचे ढीग बाहेर पडले. लिनक्सला त्या अटीशी देणंघेणं नाही. असला एक डबा पुस्तकांच्या कपाटात सरकव, दहा-बारा वॅटमध्ये व्हीएम चालव. गेमसाठी वेगळं यंत्र, लागेल तेव्हाच सुरू.

— म. शि.


प्रेषक: अ. कु., व्हिएन्ना

म., सातव्या पिढीचे ते डबे चार कोरचे असतात आणि रॅम बहुतेकांत 32 जीबीवर अडते. डीएनएसला उत्तम, तीन कुबरनेटीस नोड (क्लस्टरमधले संगणक) आणि विंडोजला तोकडे. शिवाय आता दोन यंत्रं म्हणजे रॅम दोनदा घ्यायची. 2025च्या शरद ऋतूपासून भाव कुठे गेलेत ते बघितलंस ना? एआयची डेटा सेंटरं मेमरी उचलतायत आणि भुर्दंड आपल्याला.

नि., म्हणूनच डीडीआर5च्या वाटेला जाऊ नकोस. वापरलेली डीडीआर4, 16च्या दोन पट्ट्या, आणि बोर्ड चार स्लॉटचा, म्हणजे पुढे वाढवता येईल. बजेटमधला मोठा वाटा रॅमला ठेव. व्हीएमच्या यंत्रात प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसतो, पहिल्यांदा संपते ती रॅम. डीएनएसला पूर्ण व्हीएम देऊच नकोस, कंटेनर (यजमानाचंच लिनक्स वापरणारा हलका कप्पा) पुरे, काहीशे एमबीत भागतं. तिन्ही नोड एकाच लिनक्सचे असतील तर केएसएम (लिनक्सची मेमरी वाचवणारी सोय) चालू कर. सारखीच पानं कर्नल एकदाच ठेवतो.

एसएसडी टीएलसी (एका पेशीत तीन बिट) प्रकारची घे. क्यूएलसी (चार बिट) स्वस्त पडते, पण कॅश भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो आणि पाच व्हीएम एकदम अपडेट व्हायला लागल्या की सगळ्याच अडकतात.


प्रेषक: नि. जो., म्युनिक

काका, ताई, म. दादा, मनापासून आभार. बायकोने दोन यंत्रांना साफ नकार दिलाय, त्यामुळे तो पर्याय घरातच बाद झाला.

ठरलं असं: 5700जी, बी550, 32 जीबी वापरलेली डीडीआर4, 1 टीबी टीएलसी, आरएक्स 6600, जाळीचं कॅबिनेट. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र नवीन, दुकानातून. बाकी क्लाइनान्त्साइगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर शोधतोय. एकाकडे प्रोसेसर आहे, पण तो अजून त्याच्या पीसीतच बसवलेला आहे. माझ्यासमोर काढून देतो म्हणतोय. काय बघायचं?


प्रेषक: श्री. दे., आउग्सबुर्ग

खाजगी विक्रेता हमी नाकारू शकतो, म्हणून सगळं तिथेच बघून घे. आधी पीसी चालू करायला लाव. बायोसमध्ये जाऊन एसव्हीएम (एएमडीच्या प्रोसेसरची व्हीएम चालवायची सोय) सुरू होतंय का बघ. बऱ्याच बोर्डांवर ते मुळात बंद असतं, मग लोक म्हणतात प्रोसेसर खराब, व्हीएम चालत नाही. तुझ्या बोर्डावरही तेच पहिल्यांदा तपास, आणि त्याच्याच शेजारी आयओएमएमयू. ताईने नको म्हटलं तरी तू कधीतरी पासथ्रू करून बघशीलच.

मग दहा मिनिटं काहीतरी जड चालवायला सांग. एएम4च्या पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही. कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट थंड असली की घट्ट धरते. कूलर सरळ वर उपटला तर प्रोसेसर कुलूप न उघडताच सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात. गरम असतानाच बंद करायचं, स्क्रू सैल करायचे आणि कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवायचा. पैसे त्यानंतर.

एसएमपीएस आणि कार्डातून बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर तो पंख्याचा नव्हे, आतल्या कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा). नवीन वस्तू ऑनलाइन मागवलीस तर 14 दिवसांत परत करता येते. पहिल्याच रात्री दिवे बंद करून ऐक.

शनिवारी दुपारी मी म्युनिकला येतोय, वर्गणीचे हिशेब द्यायला. पेस्ट आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो, पेटी तोवर उघडू नकोस.

— काका