जामीन ‘भरतात’ की ‘देतात’?

काल पेपरात वाचलं, ‘२५ हजार रुपयांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर आरोपीची सुटका’. बाबा म्हणाले, ‘‘पंचवीस हजार फेकले आणि सुटला.’’ खरंच भरतात का हे पैसे? मुचलका म्हणजे नेमकं काय? आणि त्यातली ‘जात’ कोणती?

* * *

जात म्हणजे स्वतः. ‘मंत्री जातीने हजर होते’ म्हणतो ना, तीच, अरबीतून आलेली. मुचलका तुर्की-मंगोल मुळाचा, आपल्याकडे फारसीतून आला. अर्थ लेखी कबुली. म्हणजे स्वतःच स्वतःबद्दल लिहून दिलेली हमी. त्यामुळे ‘वैयक्तिक जातमुचलका’ म्हणजे पिवळा पीतांबर.

* * *

वकिलाकडे कारकुनी करतो, म्हणून कोर्टातलं सांगतो. बाबांना म्हणावं, फेकले नाहीत. जातमुचलक्यात त्या दिवशी रकमेतला एक रुपयाही भरावा लागत नाही. छापील फॉर्मवर आरोपी लिहून देतो की तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर २५ हजार सरकारजमा. आकडा त्या ‘तर’ला चिकटलेला असतो.

आदेशात ‘तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ असेल, तर दुसरा माणूसही तसंच लिहून देतो. रेशनकार्ड, आधार, पगाराची स्लिप नाहीतर सातबारा घेऊन उभं राहायचं. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. साहेब विचारतात, आरोपी तुमचा कोण, किती वर्षं ओळखता, आणखी कोणाला जामीन आहात का? एकदा भाच्यासाठी आलेल्या मावशी शेवटच्या प्रश्नावर म्हणाल्या, ‘‘पतपेढीत जावयाला आहे, ते धरायचं का?’’ सगळं कोर्ट हसलं.

आरोपी पळाला की मुचलका जप्त. मग जामीनदाराला नोटीस, आणि समाधानकारक उत्तर नसेल तर दंडासारखी वसुली.

पैसे खरोखर मोजतात ते रोख जामिनात. जामीनदार लगेच मिळत नसला की मुंबईत वकील तात्पुरता रोख जामीन मागतात. रक्कम कोर्टात जमा, पावती हातात. आरोपी तारखांना येत राहिला तर खटला संपल्यावर ती परत मिळते, पण अर्ज करावा लागतो आणि पावती जपलेली लागते. (निम्मे लोक हरवून येतात.) तेवढ्याला ‘जामीन भरला’ म्हणा, माझी हरकत नाही.

* * *

मावशींच्या वाक्यातच शब्दाचा इतिहास आहे. ‘जावयाला जामीन आहे’ म्हणजे जामीन ही वस्तू नव्हे, माणूस! अरबीत ‘ज़ामिन’ म्हणजे हमी घेणारा. जुन्या कागदांत हाजिरजामीन (माणूस हजर करीन म्हणणारा) आणि मालजामीन (पैसे भरीन म्हणणारा) असे वेगळे असत. हिंदीने कृतीला ‘जमानत’ ठेवलं. आपण माणसाचं नाव सुटकेला दिलं आणि माणसाला शेपूट लावून ‘जामीनदार’ केलं. म्हणून आज कोर्टही जामीन देतं आणि शेजारचे काकाही जामीन देतात, दोन्ही बरोबर.

* * *

कायद्यातही हा घोळ होता. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामिनाची व्याख्याच नव्हती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती आली. जामीनदारासह आणि जामीनदाराशिवाय अशा दोन्ही बंधपत्रांना वेगळी नावंही मिळाली.

व्याख्या नसल्याने काय होतं ते मोतीराम खटल्यात दिसलं. मध्य प्रदेशातला गवंडी. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांना आधी शब्दाचाच निकाल लावावा लागला: जामीन म्हणजे जामीनदारासह सुटका, की नुसत्या स्वतःच्या हमीवरचीही? दोन्ही, असं त्यांनी ठरवलं आणि गवंड्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडलं. खरं तर रक्कम अवाजवी नसावी हे संहितेतच लिहिलेलं आहे.

* * *

बाबांचा समज अमेरिकन मालिकांतून आला असणार. तिथे अनेक राज्यांत जामिनाचं दुकानच असतं: रकमेच्या साधारण दहा टक्के दुकानदाराला द्यायचे, ते परत मिळत नाहीत, बाकीची हमी तो घेतो. इलिनॉय राज्याने मात्र सप्टेंबर २०२३मध्ये रोख जामीन पूर्ण बंद केला.

* * *

मुद्रितशोधक म्हणून माझं एक गाऱ्हाणं. जामीन, पण जामिनावर, मि ऱ्हस्व. आणि काना विसरू नका हो. ‘आरोपीची जमिनीवर सुटका’ हे मथळ्यात जाता जाता मी दोनदा अडवलंय.