मुस्तफासारखा गेम सांगा ना भाऊ, मदत हवी आहे

राम राम मंडळी, आमच्याकडं आठवडी बाजारात गेमच्या दुकानात नाणं टाकून पोट्टे 'मुस्तफा' खेळायचे, तोच कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', खरं नाव कोणाले माहीत होतं तवा! टोपीवाला मुस्तफा घ्यायचा, पळत जाऊन लाथ हाणायची अन् एनर्जी संपत आली का कोंबडी शोधायची. आता भाच्याले तसाच काही दाखवाचा आहे. मुस्तफा तर घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही, कॅपकॉमच्या २०१८ च्या बंडलमध्ये 'फायनल फाईट' आहे पण हा नाही, कॉमिकवरचा गेम म्हणून हक्काची भानगड असावी बहुतेक.

तर 'स्ट्रीट्स ऑफ रेज ४' घेऊ का निंजा कासवांचा 'श्रेडर्स रिव्हेंज'? पहिल्याची चित्रं मले जास्त आवडली, पण दुसऱ्यात सहा जण खेळतात म्हणे अन् सुट्टीत घरी पोट्ट्यांची जत्राच राह्यते. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही, नेट मोबाईलचं अन् तेही गच्चीवरच येते, म्हणून डाऊनलोड हलका पाहिजे. एकाच कीबोर्डवर दोघं खेळू शकतात का जॉयस्टिक घ्याच लागते? ज्यानं खेळला त्यानंच सांगा जी, अन् पबजी नका सुचवू.