सर क्रीक लवादाकडे न्यावी का?

दप्तरदार (धागाकर्ता)

कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला सर क्रीक ही सुमारे ९६ किलोमीटर लांबीची भरतीची खाडी आहे. भारत-पाकिस्तानची हद्द तिच्या मधून जाते की पूर्व काठाने, हे अजून ठरलेले नाही. दिल्ली आणि इस्लामाबाद ज्या कागदावर भांडतात तो निघाला आपल्या मुंबईतून. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कच्छचे राव आणि सिंधचे अधिकारी यांचा तंटा मिटवायला मुंबई सरकारने १९१४ च्या फेब्रुवारीत एक ठराव काढला. पाकिस्तान त्यातल्या परिच्छेद ९ वर आणि सोबतच्या बी-४४ या नकाशावरच्या हिरव्या रेघेवर बोट ठेवतो. ती रेघ पूर्व काठाने जाते. आपण परिच्छेद १० दाखवतो: खाडी नौवहनयोग्य (बोटी चालण्याजोगी) आहे, म्हणून हद्द प्रवाहाच्या मधून. जोडीला १९२५ चा नकाशा आणि प्रवाहाच्या मध्यभागी तेव्हा रोवलेले खांब.

माझे म्हणणे सरळ आहे. हा कागदाच्या अर्थाचा वाद आहे आणि असे वाद लवादापुढे नीट सुटतात. "सिमला कराराने तिसऱ्याला मज्जाव केला आहे" हे वाक्य आपल्याकडे वर्तमानपत्रांपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. २ जुलै १९७२ च्या त्या करारातले कलम पूर्ण वाचा. मतभेद द्विपक्षीय वाटाघाटींनी "किंवा परस्परसंमतीने ठरवलेल्या अन्य शांततामय मार्गाने" सोडवायचे, असे तिथे आहे. दुसरा अर्धा भाग कुणी वाचतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम ३३ देखील वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, समेट, लवाद, न्यायालय अशी यादी देते आणि निवड पक्षांवर सोडते.

शिवाय हे आपण आधी केलेले आहे. कच्छच्या रणात १९६५ च्या एप्रिलमध्ये चकमकी झाल्या, ब्रिटनच्या मध्यस्थीने ३० जूनला करार झाला, तीन सदस्यांचा लवाद बसला आणि १९ फेब्रुवारी १९६८ ला निवाडा आला. मधे सप्टेंबरचे पूर्ण युद्ध होऊन गेले, तरी लवाद मोडला नाही. वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे ९० टक्के आपल्याकडे राहिला. खांब रोवले गेले. त्या रेषेवरून पुन्हा तंटा झालेला नाही.

---

उधाण

असहमत. १९६८ चे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते.

तो लवाद कसा बसला ते आधी बघू. प्रत्येक पक्षाने एक परदेशी सदस्य नेमायचा, अध्यक्षावर एकमत झाले नाही तर तो संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नेमायचा. आपण युगोस्लाव्हियाचे आलेश बेबलर दिले, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला इंतेझाम, आणि अध्यक्ष झाले स्वीडनचे गुन्नार लागेरग्रेन. निकाल २ विरुद्ध १. आपले बेबलर विरोधात. म्हणजे प्रत्यक्षात एकाच माणसाचा निर्णय, आणि कोणत्याही कारणाने आव्हान द्यायचे नाही हे करारात आधीच लिहून दिलेले.

आता ते १० टक्के का गेले, हे बघा. पाकिस्तानने मागणी केली होती की आम्हाला केवळ कायदा नको, न्यायबुद्धीनेही निर्णय द्या. फेब्रुवारी १९६६ मध्ये लवादाने सांगितले की तसा अधिकार आम्हाला तुम्ही दिलेला नाही. मात्र समन्याय (इक्विटी, म्हणजे न्याय्यतेचे तत्त्व) हा आंतरराष्ट्रीय कायद्याचाच भाग आहे, त्यावर युक्तिवाद करायला मोकळीक आहे. पुढचे दार बंद केले आणि मागचे उघडे ठेवले! निवाड्यात मग सिंधमधल्या नगर पारकरच्या दोन्ही अंगांनी आत घुसणारे रणाचे फाटे भारताकडे ठेवणे समन्यायाला धरून नाही, त्याने कटकटी वाढतील, असे म्हणून ते पाकिस्तानला दिले. कागद आपल्या बाजूने असूनही.

आणि सर क्रीकमध्ये कागद तितका स्वच्छ आपल्या बाजूने नाहीच. थायलंड-कंबोडिया हद्दीवरच्या प्रेआ विहेअर देवळाचा खटला आठवा. करारात लिहिले होते की थायलंड आणि फ्रेंच इंडोचायनाची हद्द पाणलोटाच्या रेषेने जाईल. नकाशात मात्र देऊळ कंबोडियाच्या बाजूला दाखवले. थायलंडने दशकानुदशके हरकत घेतली नाही, आणि १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नकाशा मानला. आपल्याकडे बी-४४ हा ठरावालाच जोडलेला नकाशा आहे. तो समोर आला की परिच्छेद १० वाचवायला काय आहे?

---

भाऊचा धक्का

दोघांचेही वाचले. समुद्राचा विषय दोघांनीही बाजूला ठेवलाय, आणि खरी किंमत तिथे आहे. खाडी म्हणजे चिखल आणि खाजण. पण खाडीच्या मुखाशी जमिनीची हद्द जिथे संपते, त्या बिंदूपासून सागरी हद्द सुरू होते. तो बिंदू थोडा इकडे-तिकडे सरकला की २०० सागरी मैलांपर्यंत जाताना त्या कोनात शेकडो चौरस मैलांचे पाणी बदलते.

भारताने सुचवले होते की समुद्राकडून सुरुवात करू, बाहेरून आत येत हद्द आखू, मुखाजवळचा तुकडा शेवटी ठेवू. पाकिस्तानचे म्हणणे, आधी खाडी. २००७ मध्ये संयुक्त सर्वेक्षण झाले, नकाशांची देवाणघेवाण झाली, जून २०१२ मध्ये दिल्लीत फेरी झाली. तिथून पुढे गाडी हललेली नाही.

---

दप्तरदार

@उधाण, प्रेआ विहेअरचा मुद्दा दमदार आहे, पण अर्धा. तिथे हरण्याचे कारण नकाशा इतकेच नव्हते, गप्प बसणे हे होते. आपण गप्प बसलेलो नाही. १९२५ मध्ये त्याच सरकारच्या काळात खांब मधोमध रोवले गेले, म्हणजे ठराव काढणाऱ्यांनीच त्याचा अर्थ अमलात कसा आणला याचा तो पुरावा. बुर्किना फासो-माली निकालात (१९८६) न्यायालयाने सांगितले आहे की नकाशा एरवी फक्त पूरक पुरावा. अधिकृत मजकुराला जोडलेला असला तरच त्याला स्वतःचे वजन येते.

---

उधाण

बी-४४ जोडलेलाच आहे. तुम्ही आत्ता दिलेला नियम माझ्या कामाचा आहे, धन्यवाद.

---

कलम तेहेतीस

थोडे प्रक्रियेबद्दल, कारण "न्यायालयात न्या" आणि "लवादाकडे न्या" हे लोक एकाच अर्थाने वापरतात.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे दार भारत-पाकिस्तान वादांना जवळजवळ बंदच आहे, आणि ते आपणच बंद केले आहे. न्यायालयाचा अधिकार आपण १९७४ मध्ये मान्य केला तो अटी घालून, आणि २०१९ मध्ये सुधारित घोषणा दिली तीही अटी घालून. त्यातली एक अट: राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळून. १० ऑगस्ट १९९९ ला पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान पाडले गेले, तेही याच सर क्रीकच्या परिसरात. पाकिस्तान हेगला, या न्यायालयात गेला. २१ जून २००० ला १४ विरुद्ध २ मतांनी निकाल आला की आम्हाला अधिकारच नाही. गुणदोषांवर एक ओळ नाही. मात्र शेवटी दोघांनाही आठवण करून दिली की वाद शांततेने आणि सद्भावनेने सोडवण्याचे बंधन तुमच्यावर कायम आहे.

मग जाधव खटला कसा चालला? तिथे दार वेगळे होते. वकिलातीच्या संबंधांवरच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराला एक ऐच्छिक पूरक करार आहे, दोन्ही देश त्यात होते, आणि तो थेट न्यायालयाकडे नेतो. ८ मे २०१७ ला अर्ज, १८ मे ला फाशी थांबवण्याचा अंतरिम आदेश, १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ निकाल. पाकिस्तानने २००८ चा द्विपक्षीय करार पुढे केला होता, की सुरक्षेच्या प्रकरणात आम्ही गुणदोष पाहून भेट नाकारू शकतो. न्यायालयाने तो युक्तिवाद नाकारला. (आपल्या बाजूने हरीश साळवे, फी एक रुपया. नागपूरकरांनी कॉलर ताठ करून झाली असेल तर पुढे जाऊ.)

सर क्रीकला असे तयार दार नाही. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार आहे, त्यात सक्तीचा लवाद आहे. बांगलादेशाने २००९ मध्ये त्याच वाटेने आपल्याला लवादापुढे उभे केले, कारण सागरी हद्दीचे वाद वगळण्याची कलम २९८ ची घोषणा आपण केलेली नव्हती. पण तो लवाद समुद्राचा कायदा लावतो. खाडीच्या जमिनीचे मालक कोण हा मुख्य प्रश्न असेल, तर अधिकार नाही म्हणून तो हात वर करण्याची शक्यता मोठी. मॉरिशस-ब्रिटन वादातल्या २०१५ च्या चागोस बेटांच्या निवाड्यात बहुमताने हेच केले. म्हणून हवा तो स्वतंत्र लवादनामा. दोन्ही सह्या असलेला.

---

उधाण

बांगलादेशाचा आकडाही सांगा की. वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ त्यांना.

---

कलम तेहेतीस

सांगतो. ७ जुलै २०१४ चा निवाडा, आणि आपण तो मुकाट्याने मान्य केला. आकडा वाईट दिसतो, पण त्यातली पायरी इथे उपयोगाची आहे. लवादाने समुद्राला हात लावण्याआधी जमिनीची हद्द कुठे संपते ते ठरवले, आणि ते ठरवायला फाळणीची हद्द आखणाऱ्या १९४७ च्या रॅडक्लिफ निवाड्याचा मजकूर व नकाशा वाचला. सदस्य प्रत्यक्ष सुंदरबनात जाऊन आले. बंगालच्या उपसागरातल्या ज्या न्यू मूर बेटावरून एवढे रण माजले होते ते तोवर पाण्याखाली गेलेले. जुना इंग्रजी कागद वाचून खाडीचे मुख ठरवणे लवादाला जमते, हे तरी यातून कळते. वेळ लागला पावणेपाच वर्षे.

---

भाऊचा धक्का

पाच वर्षे हद्द ठरण्यात जातील, तोवर माणसे पकडली जातच राहतील. पालघर-डहाणूचे खलाशी गुजरातच्या ट्रॉलरवर कामाला जातात आणि कराचीच्या तुरुंगात पोचतात. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या बदलल्या जातात. शिक्षा संपून नागरिकत्व सिद्ध झाले की महिन्याभरात सोडायचे, असे त्यात आहे. नागरिकत्व सिद्ध होण्यातच काळ जातो. माणूस कधीतरी येतो, बोट येत नाही. मालकाचे कर्ज बोटीवर, आणि बोट तिकडे धक्क्याला सडते.

सागरी कायदा कराराचे कलम ७३ वाचा. परक्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात) मासेमारीचा नियम मोडला, तर वाजवी हमी घेऊन बोट आणि खलाशी ताबडतोब सोडायचे. दोन देशांत तसा करार नसेल तर कैदेची शिक्षा देता येत नाही. सोडले नाही, तर कलम २९२: अटकेपासून दहा दिवसांत कोणत्या न्यायालयात जायचे यावर एकमत झाले नाही की बोटीचा देश हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणात जाऊ शकतो. अशा अर्जाला तिथे इतर कामांपेक्षा अग्रक्रम असतो. 'सायगा' जहाजाचा अर्ज १३ नोव्हेंबर १९९७ ला गेला आणि ४ डिसेंबरला निकाल लागला. एकवीस दिवस! हद्द ठरायची वाट बघावी लागत नाही.

---

कलम तेहेतीस

तीन अडचणी. एक, कलम ७३ फक्त आर्थिक क्षेत्राला लागू. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत लागू नाही, आणि खाडीच्या मुखाजवळच्या बऱ्याच अटका तिथल्याच असतात किंवा तिथल्या दाखवल्या जातात. दोन, अटक नेमकी कुठे झाली याचा पुरावा. जीपीएस यंत्र जप्तीत जाते, उरतो तांडेलचा (बोटीच्या नाखव्याचा) शब्द. तीन, सगळ्यात मोठी: अर्ज बोटीचा देशच करू शकतो किंवा त्याच्या संमतीने कुणी. आपणही त्यांचे मच्छीमार पकडतो. आपण अर्ज केला की दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज आपल्यावर.

---

भाऊचा धक्का

येऊ दे की. आपल्या १९८१ च्या परदेशी नौकांच्या कायद्यातही आर्थिक क्षेत्रातल्या गुन्ह्याला दंडच आहे, कैद प्रादेशिक पाण्यातल्या (१२ सागरी मैलांच्या आतल्या) गुन्ह्याला. मग अडचण कुणाची होणार? आणि अर्ज नको असेल तर कलम ७४(३) आहे: हद्द ठरेपर्यंत व्यवहार्य तात्पुरती व्यवस्था करा, तिचा अंतिम हद्दीवर परिणाम नाही. मुखाबाहेर एक पट्टा आखायचा, त्यात ठरावीक लांबीखालच्या बोटींना पकडायचे नाही, हाकलायचे. एवढ्याला लवाद लागत नाही.

---

उधाण

हे मला मान्य आहे. पण एप्रिल २०२५ नंतर कोण कुणाशी बसणार? आपण सिंधू करार स्थगित ठेवला, त्यांनी सिमला करार स्थगित ठेवण्याचा अधिकार जाहीर केला. सिंधूच्या लवादाने ऑगस्ट २०२५ मध्ये निवाडा दिला, तो लवादच आम्हाला मान्य नाही असे आपण सांगितले. एका लवादाला हाकलायचे आणि दुसरा मागायचा, हे कोणत्या तोंडाने?

---

दप्तरदार

त्याच तोंडाने. सिंधूत आपला आक्षेप असा की तटस्थ तज्ज्ञ आणि लवाद एकाच वेळी चालवले, ते करारात बसत नाही. लवाद या प्रकारालाच आक्षेप नाही. त्याच सिंधू करारातला, किशनगंगा प्रकल्पाचा २०१३ चा निवाडा आपण पाळला.

घरच्या कायद्याची भीतीही नको. १९६८ चा निवाडा अमलात आणायला घटनादुरुस्ती लागेल म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मगनभाई पटेल खटल्यात १९६९ मध्ये न्यायालयाने सांगितले की हा प्रदेश तोडून देणे नव्हे, हद्द निश्चित करणे आहे; दुरुस्तीची गरज नाही. बंगालमधल्या बेरुबाडीचे तसे नव्हते, तिथे पाकिस्तानला प्रदेश देणेच होते.

समन्यायाचा धोका खरा आहे, तेवढे @उधाण यांचे मान्य. त्यावर उपाय म्हणजे प्रश्नच अरुंद ठेवणे. "हद्द कुठे असावी" असे विचारायचेच नाही. असा मसुदा सुचवतो: "मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावाचा, त्यास जोडलेल्या नकाशाचा आणि १९२५ च्या सीमांकनाचा अर्थ लावून, १५ ऑगस्ट १९४७ रोजी सर क्रीकमधील सिंध-कच्छ हद्द कोठे होती? समन्यायाच्या तत्त्वाने त्यात फेरफार करता येणार नाही." पाचांचा लवाद, म्हणजे निकाल एकट्या अध्यक्षावर टांगलेला राहत नाही.

---

उधाण

मसुदा १९६५ च्या करारापेक्षा बरा आहे. "१९२५ च्या सीमांकनाचा" हे शब्द पाकिस्तान पहिल्याच बैठकीत खोडेल, पण ते सोडा. तुमच्या सगळ्या बाजूचा आधार परिच्छेद १० मधला "नौवहनयोग्य" हा शब्द आहे. बोत्स्वाना-नामिबिया खटल्यात (१९९९) मुख्य प्रवाह कोणता हे ठरवायला खोली, रुंदी, पाण्याचा ओघ सगळे मोजून काढावे लागले होते, आणि ती बारमाही नदी होती. इथे पाकिस्तान म्हणतो खाडीत नौवहन होतच नाही, आपण म्हणतो भरतीला ट्रॉलर जातात. मसुद्यात हे लिहा: मोजणी भरतीची धरायची की ओहोटीची?