मदत हवी आहे : हार्ट अटॅकनंतर बाबांचा राग आणि नैराश्याची गोळी

बाबांना हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट बसवला. तब्येत सावरली, पण स्वभाव पार बदलला. दार जरा जोरात लागलं तरी कपाळाची शीर ताठ होते, हात थरथरतात, मग तासभर कुणाशी बोलणं नाही. प्रत्येकाच्या बोलण्यात त्यांना टोमणाच दिसतो. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून सर्ट्रालिन सुरू केलंय.

मी बरंच वाचलं. रागीट, उतावळ्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध फ्रीडमन आणि रोझेनमन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५०च्या दशकातच मांडला होता. पुढे त्यातला वैरभावच जास्त घातक मानला गेला. हृदयरुग्णांना सर्ट्रालिन सुरक्षित असल्याचं २००२च्या 'सॅडहार्ट' चाचणीत दिसलं, तो मोठा दिलासा. पण २००३च्या 'एन्रिच्ड' अभ्यासात मानसोपचारांनी नैराश्य कमी झालं, मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके मात्र कमी झाले नाहीत. इथेच माझं डोकं अडकलंय.

कुणाच्या घरी असं झालंय का? गोळीने उदासी आधी गेली की राग? राग उतरल्यावर बीपी, नाडी यांत फरक पडला का? शिवाय बाबांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्याही आहेत. सोबत सर्ट्रालिन असलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी पोटासाठी वेगळी गोळी दिली होती का? औषध आपल्या मनाने बंद करणार नाही, एवढं नक्की. पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांना नेमकं काय विचारू, तेही सांगा.