"मूळ आहे तसाच ठेवा" या सल्ल्याला उत्तर: जुना फेंडर, दोन पिनांची वायर आणि तो कपॅसिटर

ट्रायोड
'जुनेतेसोने' यांनी आपल्या १९६५ च्या फेंडर डिलक्स रिव्हर्ब या गिटार ॲम्पविषयी लिहिताना असा सल्ला दिला आहे की दोन पिनांची मूळ वायर, मागचा ग्राउंड स्विच आणि त्याला जोडलेला कपॅसिटर यांना हात लावू नये, कारण इतकी वर्षे कोणाला काही झाले नाही आणि मूळ भाग काढले की ॲम्पची किंमत उतरते. किमतीचे ज्याचे त्याने पाहावे. परंतु हे वाचून एखादा नवशिका अमेरिकेहून आणलेला ॲम्प तसाच भिंतीला लावून बसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या ॲम्पमध्ये ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मेनच्या (भिंतीतून येणाऱ्या विजेच्या) एका तारेपासून थेट चेसिसला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेला असतो. ती तार कोणती, एवढेच ग्राउंड स्विच ठरवतो. चेसिस गिटारची केबल खोचायच्या जॅकला जोडलेली, जॅक केबलमधून गिटारच्या ब्रिजला आणि ब्रिज तारांना. कपॅसिटर धडधाकट असतानाही १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर त्यातून सुमारे दोन मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो, आणि अर्थिंग नसल्यामुळे त्याला वाजवणाऱ्याच्या अंगातूनच वाट मिळते. तो शॉर्ट झाला तर अख्खा मेन सप्लाय गिटारच्या तारांवर येतो. दुरुस्ती करणारे त्याला 'डेथ कॅप' म्हणतात ते उगाच नव्हे.

उपाय तासाभराचा आहे. ॲम्प बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास दाब उरू शकतो, तो आधी रेझिस्टरमधून उतरवावा आणि मीटरने खात्री करावी. मग तीन कोअरची वायर घ्यावी. हिरव्या (अर्थच्या) तारेला रिंग टर्मिनल लावून ती दातेरी वॉशरसह स्वतंत्र बोल्टने चेसिसला आवळावी. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट वापरू नये, कारण तो कधीतरी ट्रान्सफॉर्मरसाठीच सैल केला जातो. नुसत्या सोल्डरच्या डागावरही विसंबू नये. ही तार इतर दोन तारांपेक्षा जास्त लांबीची ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी तुटेल. फेज प्रथम फ्यूजहोल्डरच्या मागच्या टोकाच्या टर्मिनलला द्यावी, बाजूच्या नव्हे. नाहीतर फ्यूज अर्धवट बाहेर काढताना बोटाला शॉक बसू शकतो. बाजूच्या टर्मिनलवरून स्विच, स्विचवरून ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन घेणारे वेटोळे). न्यूट्रल थेट प्रायमरीच्या दुसऱ्या टोकाला. ग्राउंड स्विच दिसायला जागेवर राहू द्या, त्याच्या तारा आणि कपॅसिटर मात्र काढा.

जुनेतेसोने
प्रवचनाबद्दल आभारी आहे. आता वस्तुस्थिती ऐका. आपल्याकडे हा ॲम्प स्टेपडाऊनवर (मेनचा दाब अमेरिकन ॲम्पपुरता उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालतो, आणि बाजारातल्या बहुतेक स्टेपडाऊन खोक्यांच्या सॉकेटला अर्थिंगच दिलेले नसते. तुमची हिरवी तार तिथे निव्वळ शोभेची ठरते. शिवाय घरातल्या सॉकेटमध्ये फेज उजवीकडेच आहे याची हमी कोण देणार? आमच्या सोसायटीत निम्मी सॉकेट उलटी निघाली. मी दिवाणखान्यात वाजवतो, स्टेडियममध्ये नव्हे.

ट्रायोड
तुम्ही माझ्याच बाजूचा मुद्दा मांडत आहात. ती खोकी बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत विद्युत विलगीकरण नसते, म्हणजे ॲम्पची बाजू भिंतीच्या मेनला थेट जोडलेलीच राहते, आणि भिंतीतले सॉकेट उलटे असेल तर ॲम्पच्या एका तारेवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्ट येतात. तुमचा ग्राउंड स्विच त्या तारेच्या बाजूला असेल तर त्याच कपॅसिटरमधून ५० हर्ट्झवर जवळजवळ साडेतीन मिलिअँपिअर जाऊ शकतो. अर्थिंग आरपार नेणारे खोके घ्या आणि चेसिसपासून भिंतीच्या प्लगच्या जाड (अर्थच्या) पिनेपर्यंत मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी अखंड आहे का ते, तपासा. हे न करता 'शोभेची तार' म्हणणे हा आळस आहे.

लेस्टरकर
एक भर घालतो, कारण यावरून मी पुण्यात प्रत्यक्ष गोंधळ पाहिला आहे. अमेरिकन वायरमध्ये काळी तार फेज असते, पांढरी न्यूट्रल. आपल्या आणि जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. भावाच्या ॲम्पला वायरमनने अमेरिकन वायर बसवली आणि सवयीने काळी न्यूट्रलला लावली. त्यामुळे फ्यूज आणि स्विच दोन्ही न्यूट्रलवर गेले. ॲम्प बंद केल्यावरही प्रायमरीवर फेज तशीच. रंगावर जाऊ नका, मीटर लावा. आणखी एक: ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ या व्हॅक्यूम नळ्यांचे जे स्वस्त छोटे अमेरिकन ॲम्प आहेत, त्यांत मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांना नुसती तीन पिनांची वायर लावून भागत नाही, मेनपासून विलग करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

पडद्यामागचा
वायरीचे तुमचे चालू द्या, पण मंचावर याहून मोठा गुन्हा रोज घडतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राला साउंड देताना मी पाहतो की घूं आवाज आला रे आला, की गिटारवाला प्लगची अर्थची पिन पक्कडीने तोडतो, आणि तेही जनरेटरवर, जिथे अर्थिंगची सळई बहुतेकदा टेम्पोतच पडलेली असते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये स्वान्सीत मंचावरच शॉक लागून गेला. आवाज घालवायचा तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) लावून सिग्नलचा ग्राउंड तोडा; मेनचे अर्थिंग तोडू नका.

जुनेतेसोने
उदाहरण देताना ते कोणाच्या बाजूचे आहे हे तरी पाहावे! हार्वेला शॉक लागला तो अर्थिंग नीट नसलेल्या माइकचा, आणि गिटार हातात होती. म्हणजे माइकवर दाब आणि गिटारला अर्थिंग, हेच घातक ठरले. तुमच्या हिरव्या तारेने त्या प्रवाहाला वाट करून दिली असे मी म्हटले तर?

पडद्यामागचा
तर ते अर्धसत्य होईल. दोष माइकच्या बाजूला अर्थिंग नसण्याचा होता, गिटारच्या बाजूला असण्याचा नव्हे. उद्या तुमचा कपॅसिटर शॉर्ट झाला आणि समोरचा माइक नीट अर्थ केलेला असला, तर तोच प्रसंग उलट्या दिशेने घडेल, आणि त्या वेळी माइकची केबल मी जोडलेली असेल. पोलीस 'मूळ भाग' पाहत नाहीत, साउंडवाल्याला धरतात.

जुनेतेसोने
पोलिसांपर्यंत गेलातच, तर मग तुमच्या मंडपातल्या जनरेटरचे अर्थिंग आधी करा. दिवाणखान्यातल्या माणसाला शिकवणे सोपे असते.

ट्रायोड
दोघांनीही आवाज खाली आणावा. साहेब, घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून मेन तोडणारा स्विच) बसवा. अर्थ केलेल्या चेसिसवर फेज आली तर तो तत्काळ सुटतो. अर्थिंग नसेल, तर तो सुटायला आधी कोणाच्या तरी अंगातून प्रवाह जावा लागतो. पडद्यामागच्यांच्या जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेलाच नसेल, तर तिथे आरसीसीबीच्या भरवशावरही राहता येणार नाही, एवढे त्यांचे म्हणणे रास्त आहे.

जुनेतेसोने
ठीक. आपण सर्व विद्वान मंडळी एका सुरात बोलत आहात, तेव्हा कपॅसिटर काढतो आणि वायर बदलतो. मूळ वायर व कपॅसिटर मात्र पिशवीत घालून ॲम्पच्या खोक्यातच ठेवणार, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला हवे तर त्याने मरावे. आता हे सांगा की २३० वर फ्यूज कितीचा घालायचा?

ट्रायोड
स्टेपडाऊन बाहेर आहे तोवर मागच्या पाटीवर छापलेल्या आकड्याचा, आणि स्लो-ब्लो (सावकाश वितळणारा) लिहिले असेल तर स्लो-ब्लोच. आत २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवलात तर त्याच्या निम्मा. आणि स्टेपडाऊन ११० व्होल्टचाच घ्या. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, आणि आपल्याकडचा दाब २५० च्या पुढे गेला की ते ११० आपोआप १२० होतात.