माळवदाच्या घरात काँप्युटरचं नेट सारखं तुटायलंय, १५०० च्या आत उपाय सांगा

सेलूचा_पाव्हणा: नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यात गाव, घर जुनं माळवदाचं, भिंती दोन हात रुंद. ओसरीत फायबरचा राऊटर, काँप्युटर आतल्या खोलीत. त्याच्या पाठीमागं यूएसबीचा वायफाय डोंगल खोचलाय. दर दहा-पंधरा मिनिटाला नेट जातंय, डोंगल काढून परत खोचला की येतंय. ओसरीत मोबाईलला काहीच अडचण नाही. बहिणीचा कॅप राउंडचा फॉर्म भरायलो, कॉलेजांचा पसंतीक्रम टाकता टाकता तीनदा बाहेर फेकलं. १५०० च्या वर जमणार नाही, सोयाबीनचं बियाणं आत्ताच आणलंय.

लातूरकर७२: मेश घ्या, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे. डोळे झाकून. मी तीन डब्यांचा संच घेतला, ११ हजार गेले, पण गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी बसूनसुद्धा मॅच बघतो.

सेलूचा_पाव्हणा: दादा, १५०० म्हणलोय.

लातूरकर७२: एकदाच खर्च करा न् मोकळे व्हा. स्वस्तात घेणारा दोनदा घेतो.

ऊन_परभणीचं: राऊटर तापत असेल. आपल्याकडं मेमध्ये ४३-४४ च्या खाली पारा येतो का? मी राऊटरवर ओलं फडकं ठेवायचो. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी राऊटर गेला.

नांदेडची_ताई: 😂 भाऊ, हे उपाय सांगायलाव का इशारा द्यायलाव? पाव्हणे, सरळ लॅनची वायर ओढा. कॅट सिक्स १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं घर तेवढं नसेल. आमच्या इथं वजिराबादला मीटरवर कापून मिळते, दोन्ही टोकांना जॅक मारून देतात. भिंतीला एक भोक पाडायचं, विषय संपला.

इंजिनेर_बाबू: वायरची गरजच नाही. राऊटरमध्ये २.४ च्या जागी वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू करा, स्पीड बघा कसा येतो ते.

नांदेडची_ताई: दोन हात मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ? २.४ जेवढं आत शिरतं तेवढंही ते शिरणार नाही. माळवदात राहून बघा एकदा.

उदगीरी: माझंबी असंच व्हायचं, अ‍ॅडॉप्टर कमजोर झालेला निघाला. १२ व्होल्ट १ अँपचा होता, दुकानदारानं २ अँपचा दिला. आता राऊटर जळतो की काय, धाकधूक आहे.

इंजिनेर_बाबू: जळेलच. डबल करंट जातो त्यात.

रिटायर_वायरमन: जळत नाही. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँप जास्त असले तर चालतं. राऊटर लागेल तेवढाच करंट ओढतो. पिनेचं प्लस-मायनस तेवढं जुळवून घ्या.

पाव्हणे, आधी दुखणं कुठं आहे ते बघा, मग खिशात हात घाला. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राऊटरला पिंग लावा, म्हणजे तिकडून उत्तर येतंय का ते सारखं विचारत राहायचं (पत्ता आयपीकॉन्फिग कमांडमध्ये डिफॉल्ट गेटवेसमोर दिसतो, बहुतेक १९२.१६८.१.१ असतो), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. दोन्हीत शेवटी डॅश टी टाका म्हणजे चालू राहतं. नेट गेलं की दोन्ही अडकले तर भानगड घरातच. राऊटरचं चालू न् बाहेरचं बंद, तर कंपनीला फोन. आन् डोंगलच्या शेजारच्या निळ्या पोर्टात हार्डडिस्क लावलीय का?

टक्स_जालना: विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच त्याचा सपोर्ट संपलाय. लिनक्स टाका. फुकट आहे.

लातूरकर७२: आलेच हे.

सेलूचा_पाव्हणा: वायरमन काका, दोन्ही अडकायलेत. आन् हो, बाजूच्याच निळ्या पोर्टात हार्डडिस्क आहे. तुम्हाला कसं कळलं?

रिटायर_वायरमन: निळं पोर्ट बहुतेक यूएसबी ३ चं असतं, त्याचा गोंगाट वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. पोराच्या काँप्युटरवर सहा महिने डोकं खाल्लंय त्यानं माझं. हातभर यूएसबी एक्स्टेंशन घेऊन डोंगल लांब टेबलावर ठेवा. शंभर-दीडशेत मिळतं. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला उपकरण बंद करायची परवानगी असते, ती टिक काढा.

ऊन_परभणीचं: मीबी हेच सांगणार होतो.

सेलूचा_पाव्हणा: हार्डडिस्क काढली, टिक काढली. आता तासातून एखाद्या वेळेस जातंय. ताई, भोकाचं विचारलं तर वडील म्हणाले, भिंत आजोबांनी बांधलीय, पांढरी माती एकदा सुटली की थांबत नाही. म्हणून काँप्युटरच उचलून ओसरीत आणला. राऊटरच्या खोक्यात मीटरभर वायर आली होती, ती लावली. काल पूर्ण पसंतीक्रम भरून झाला. खर्च शून्य.

लातूरकर७२: मग राऊटरच आत न्यायचा ना भले माणसा!

सेलूचा_पाव्हणा: आत नेला की ओसरीत आबांचं कीर्तन अडकतं. नेटचे पैसे तेच भरतात.

नांदेडची_ताई: न् पाऊस? ओसरीत वसाड येत नाही का?

सेलूचा_पाव्हणा: येतं थोडं. सीपीयू बाजेवर ठेवलाय.